पाणबुड्याचें पहिलें जाकीट



समुद्रांत बुडी मारावयास नव्यानें शिकलेल्या माणसानें आपलें पहिलें जाकीट कसें निवडावें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हसूं आलें असेल. बोलणारा हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवचा एक निवृत्त शाळामास्तर. समुद्र त्याच्या गांवापासून शेंकडों किलोमीटर दूर. आणि त्याच्या मुलखांत पाणी म्हणजे विहिरीचें, कयाधूचें, किंवा फारच झालें तर सिद्धेश्वर व इसापूर या धरणांचें. परंतु ज्या नियमांवर हें जाकीट चालतें ते आर्किमिडीजचे आणि बॉइलचे नियम मीं आयुष्यभर फळ्यावर लिहिले आहेत. आणि गोरेगांव कोणतें व मालवण कोणतें हा भेद पाण्याला ठाऊक नसतो.

निमित्त झालें तें एका पत्राचें. माझा एक जुना विद्यार्थी सध्यां पुण्यास नोकरीला आहे. त्याची मुलगी तारकर्लीस राहून स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालीं श्वास घेत हिंडण्याचा, अभ्यासक्रम पुरा करून आली. आतां तिला स्वतःचें जाकीट हवें आहे. दुकानदारानें तीन तऱ्हा दाखविल्या आणि बापाचें डोकें गरगरलें. "गुरुजी," तो लिहितो, "ज्याची उचल सर्वांत अधिक तें सर्वांत सुरक्षित, असें मी धरून चाललों आहें. पैशाचा प्रश्न नाहीं, पोरीच्या जिवाचा आहे." बापाची ही भावना योग्यच आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्लीला ही विद्या शिकविण्याची सोय केल्यापासून, आणि गोवें, नेत्राणी बेट, अंदमान येथें सुटींत जाण्याचा परिपाठ पडल्यापासून, शहरांतील अनेक घरांत हाच प्रश्न या ना त्या रूपानें उभा राहत असेल. म्हणून उत्तर पत्रांतून न देतां येथें देत आहें.

आमच्याकडे मुलांना पोहणें शिकवितात तें विहिरींत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा बांधावयाचा, कमरेला दोर लावावयाचा, आणि काठावरून एखाद्या काकानें किंवा मामानें निर्दयपणें ढकलून द्यावयाचें, ही आमची शिक्षणपद्धति. भोपळ्याला एकच काम येतें: वर ओढण्याचें. पोहणाराला तेवढें पुरतें, कारण त्याला पाण्याच्या वरच राहावयाचें असतें. परंतु तोच मुलगा पुढें तरबेज होऊन विहिरीच्या तळाशीं पडलेली घागर काढावयास निघाला, म्हणजे पहिलें काम कोणतें करतो? भोपळा सोडून काठावर ठेवतो. भोपळा बांधून घागर काढणारा माणूस अजून जन्माला यावयाचा आहे.

स्कूबा करणाराची गरज या दोहोंहून निराळी आहे. त्याला तरंगावयाचेंहि नसतें आणि तळाशीं जाऊन बसावयाचेंहि नसतें. तो पांच मीटरवर असो वा अठरा मीटरवर असो, जेथें असेल तेथें त्याला अधांतरीं राहावयाचें असतें. हात न हालवितां, पाय न झाडतां. पाण्यावर आल्यानंतर मात्र त्याला बोटीची वाट पाहत आरामांत तरंगतां आलें पाहिजे. म्हणजे त्याला हवा आहे असा भोपळा, कीं जो वाटेल तेव्हां हलका करतां येईल आणि वाटेल तेव्हां जड करतां येईल. असा भोपळा नसतो. पण फुगवितां व रिकामी करतां येणारी कातड्याची मसक असते. ही कल्पना फार जुनी आहे. इराकांतील निमरूद येथें सांपडलेले, इसवी सनापूर्वीं नवव्या शतकांतले, आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें असलेले कांहीं शिल्पपट आहेत. त्यांतील एकावर फुगविलेल्या कातड्यांच्या आधारानें नदी ओलांडणारीं माणसें कोरलेलीं आहेत. पाणबुड्याचें आजचें जाकीट हें त्या मसकेचेंच वंशज होय. दोघांचा फरक इतकाच कीं जाकिटाला टाकींतली हवा आंत घेण्याची एक कळ असते आणि ती बाहेर सोडण्याच्या दोन-तीन वाटा असतात. माझ्या सांगण्याचा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे. जाकिटांत हवा किती मावते हें लोक विचारतात. ती किती सहज बाहेर काढतां येते हें विचारावयास हवें.

असें कां, हें समजण्यासाठीं थोडें शाळेंतलें पुस्तक पुन्हां उघडूं या. आर्किमिडीजचा नियम आपल्याला पाठ आहेच: बुडालेल्या वस्तूनें जितकें पाणी बाजूला सारलें, तितक्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर लोटतो. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो. पाण्याखालीं एक लिटर जागा व्यापणारी हवा सुमारें एक किलो भार उचलते. बॉइलनें १६६२ सालीं मांडलेला नियम असा कीं, उष्णमान तेंच असतांना वायूवरचा दाब दुप्पट केला म्हणजे त्याचें आकारमान निम्में होतें. समुद्रांत दर दहा मीटर खोलीला वातावरणाच्या एका दाबाची भर पडते. पृष्ठभागावर एक दाब, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन.

आतां घरीं करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतों. पाण्याची प्लास्टिकची बाटली कांठोकांठ भरावी. डोळ्यांत औषध घालण्याची रबरी टोपीची कांचेची नळी घेऊन तिच्यांत इतकेंच पाणी भरावें कीं ती जेमतेम तरंगेल. ती बाटलींत सोडून झांकण घट्ट लावावें. बाटली मुठींत दाबली कीं नळी खालीं जाते. मूठ सैल केली कीं वर येते. दाबल्यावर नळींतला हवेचा बुडबुडा आखडतो, त्याची उचल कमी होते, एवढेंच त्यांतलें रहस्य. मुलें हा खेळ तासन्‌तास खेळतात. परंतु मीं वर्गांत त्यांना नेहमीं एक अवघड काम सांगत असें: नळी बरोबर मध्यावर थांबवून दाखवा. ती थांबत नाहीं. बोट जरा अधिक दाबलें कीं तळाला, जरा कमी केलें कीं वर. पुष्कळ सरावानंतर एखाद्या मुलाला बोटांतली ती जाण येते.

पाण्यांतला पाणबुडा म्हणजे ही नळीच समजा, आणि बाटली दाबणें म्हणजे खोलीवर जाणें. तो हातभर खालीं गेला कीं त्याच्या जाकिटांतली हवा आखडते, म्हणून तो आणखी खालीं जातो. हातभर वर आला कीं तीच हवा फुगते, आणि तो आणखी वर ओढला जातो. हवेचा बुडबुडा जितका मोठा, तितकी ही ओढ अधिक.

येथें आंकडे घेऊन पाहूं. एका पाणबुड्याच्या जाकिटांत दहा मीटरवर १ लिटर हवा आहे. तो पांच मीटरवर आला. दाब दोनाचा दीड झाला. हवा १ लिटरची सुमारें १.३ लिटर झाली. वाढीव उचल ३०० ग्रॅमच्या आसपास. एक उच्छ्वास नेहमीपेक्षां थोडा लांब सोडला कीं ती फिटते, कारण साध्या श्वासांतसुद्धां आपण सुमारें अर्धा लिटर हवा आंतबाहेर करीत असतों. आतां दुसरा पाणबुडा घ्या. त्यानें भीतीपोटीं किंवा सवयीनें कमरेला चार किलो शिसें जास्त बांधलें आहे. तें तोलून धरण्यास त्याच्या जाकिटांत पहिल्याहून चार लिटर हवा अधिक लागते. म्हणजे एकूण पांच लिटर. तोहि दहा मीटरवरून पांचावर आला. त्याची हवा पांचाची साडेसहा लिटरांहून अधिक झाली. वाढीव उचल दीड किलोच्या वर गेली. ती फुप्फुसांनीं सांवरत नाहीं. त्यानें तत्काळ जाकिटांतून हवा सोडली नाहीं तर तो वर, वर, अधिकाधिक वेगानें जात राहतो, आणि जितका वर जातो तितकी ओढ वाढतच जाते.

या वर जाण्यांत धोका काय, असें कोणी विचारील. कोंकणांतल्या कोळ्यांना तो ठाऊक आहे. माशाच्या पोटांत हवेची एक पिशवी असते. घोळ माशाची ती पिशवी, जिला कोळी लोक बोत किंवा भोत म्हणतात, फार मोठ्या किंमतीला विकली जाते. या पिशवींतली हवा कमीअधिक करून मासा अधांतरीं राहतो. तेंच त्याचें जाकीट. परंतु खोल पाण्यांतला मासा गळानें भराभर वर ओढला तर ती हवा इतकी फुगते कीं कित्येकदां त्याचें जठर तोंडावाटे बाहेर येतें. माणसाच्या फुप्फुसांतली हवाहि याच नियमानें फुगते. श्वास रोखून वर आलेल्या पाणबुड्याचीं फुप्फुसें अवघ्या दीड-दोन मीटरच्या चढावांतसुद्धां फाटूं शकतात. शिवाय खोलीवर रक्तांत विरलेला नत्रवायु, सोड्याची बाटली एकदम उघडावी तसा, वेगानें वर येणाराच्या शरीरांत बुडबुड्यांच्या रूपानें सुटतो. म्हणून श्वास कधींहि रोखूं नये, मिनिटाला सुमारें नऊ मीटरांहून अधिक वेगानें चढूं नये, आणि पांच मीटरवर तीन मिनिटें थांबावें, असें शिकवितात. हा सगळा संथपणा ज्या वस्तूच्या हातीं आहे ती वस्तु म्हणजे जाकीट.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. उचल किती हवी? नेहमींच्या अॅल्युमिनियमच्या टाकींत, ती पुरी भरलेली असतां, सुमारें २२०० लिटर हवा दाबून बसविलेली असते, आणि त्या हवेचें वजन पावणेतीन किलोंच्या जवळपास भरतें. होय, हवेलाहि वजन असतें. हें ऐकून माझ्या वर्गांत दर वर्षीं एक तरी मुलगा हसे. बुडी संपेपर्यंत यांतील दोन किलोंच्या वर हवा श्वासांत खर्च होते. म्हणजे पाणबुडा शेवटीं जितका हवा तितका जड राहण्यासाठीं आरंभीं तेवढा अधिक जड असावा लागतो. तो जडपणा जाकीट उचलतें. दुसरी गोष्ट अंगांतल्या रबरी पोशाखाची. त्यांत हवेचे बारीक फुगे असतात. खोलीवर ते चेपतात आणि पोशाखाची उचल कमी होते. आपल्या किनाऱ्याच्या कोमट पाण्यांत तीन मिलिमीटरचा पातळ पोशाख पुरतो, त्यामुळें येथें नुकसान फार तर दोनेक किलोंचें. तिसरी गोष्ट, वर आल्यावर डोकें पाण्याबाहेर ठेवण्यास चार-पांच किलो उचल लागते. सारी बेरीज दहा किलोंच्या आंतबाहेर. बाजारांतील मध्यम मापाचीं जाकिटें बारा ते अठरा किलो उचल देतात. तेव्हां त्यांतलें लहानसुद्धां पुरून उरतें. थंड देशांत जाड पोशाख घालून उतरणाराचा हिशेब निराळा. तो आपल्याला करावयाचें कारण नाहीं.

पण अधिक असलें तर बिघडलें कोठें? मोठी पिशवी अर्धवट रिकामी असतांना तिला सुरकुत्या पडतात, आणि हवेचा गोळा त्या घड्यांत अडकून राहतो. पाणबुडा आडवा झाला कीं तो गोळा पाठीकडून कमरेकडे, कमरेकडून खांद्याकडे धांवतो, कारण हवा नेहमीं सर्वांत उंच जागा शोधते. सोडावयाची वाट खांद्याशीं आणि हवा मात्र कमरेशीं, अशी गांठ पडली म्हणजे कळ दाबूनहि कांहीं निघत नाहीं. माझा दुसरा एक विद्यार्थी किनाऱ्यावर हींच कामें करतो. तो दिवाळीस गांवीं आला तेव्हां आम्ही त्याचें जाकीट विहिरींत सोडून पाहिलें. त्याला वजन लावून आडवें धरलें, आणि वरची नळी उघडी ठेवली तरी आंतली हवा जागची हालेना. उभें केल्याबरोबर भुडभुड करून निघून गेली. काठावर जमलेल्या पोरांना शंभर आकृत्यांनीं जें कळलें नसतें तें त्या एका भुडभुडीनें कळलें.

म्हणून दुकानांत गेल्यावर पहिली परीक्षा हवा सोडण्याच्या वाटांची करावी. डाव्या खांद्यावरून येणारी सुरकुत्यांची नळी सहज डोक्यावर उंच धरतां येते काय? उजव्या खांद्याशीं आणि खालीं कमरेशीं एकेक झडप आहे काय, आणि तिची दोरी न पाहतां हाताला सांपडते काय? डोळे मिटून दहा वेळां शोधून पाहावी. गढूळ पाण्यांत आणि घाबरलेल्या क्षणीं डोळे मिटल्यासारखेच असतात. हवा भरण्याची कळ व सोडण्याची कळ यांचा स्पर्श निरनिराळा असावा. एकीच्या जागीं दुसरी दाबली गेली तर काय होईल हें वर सांगितलेंच आहे.

दुसरी परीक्षा मापाची. ही कोरड्या अंगावर करूं नये. जो पोशाख पाण्यांत घालावयाचा तो घालून करावी. जाकीट चढवावें, सारे पट्टे आवळावे, आणि पिशवी पुरी फुगवावी. छाती आवळली जाऊन श्वास कोंडत असेल तर तें लहान आहे. नंतर पिशवी रिकामी करून कोणाला तरी खांद्याशीं धरून जाकीट वर उचलावयास सांगावें. तें कानापर्यंत सरकत असेल तर मोठें आहे. पाण्यावर तरंगतांना तें वर जाईल आणि माणूस त्याच्यांत खालीं लोंबेल. मुलीच्या बांध्याला पुरुषी मापाचें जाकीट बहुधा खांद्यांशीं ढिलें व छातीशीं घट्ट होतें. तिच्यासाठीं वेगळ्या घाटाचीं मिळतात, तीं पाहावीं. पोरगी वाढेल म्हणून एक माप मोठें घेण्याची जी आपली शाळेच्या गणवेषाची रीत, ती येथें कामाची नाहीं.

राहिला तऱ्हांचा प्रश्न. १९४३ सालीं कुस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें आपलें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां जाकीट मुळीं नव्हतेंच. शिसें आणि स्वतःचीं फुप्फुसें यांवरच सारा तोल असे. पुढें गळ्यांत अडकविण्याच्या फुगीर पिशव्या आल्या व मागें पडल्या. आज दुकानांत दिसतात त्या तऱ्हा तीन. एकींत हवा बगलेखालून पुढेंपर्यंत येते; ती पाण्यावर माणसाला सरळ उभें धरते, आणि बहुतेक शिक्षणवर्गांत हीच वापरतात. दुसरींत हवा फक्त पाठीशीं असते. पाण्याखालीं आडवें राहण्यास ती उत्तम, परंतु पृष्ठभागावर अति फुगविली तर माणसाला पुढें तोंडावर कलंडविते. तिसरींत पाठीला धातूचा एक पत्रा, त्याला साधे पट्टे, आणि मागें पंखासारखी पिशवी. पोलादाचा पत्रा दोन-अडीच किलोंचा असतो, तितकें शिसें कमी बांधावें लागतें; आणि पट्टे कापून-ओवून कोणाच्याहि अंगाला बसवितां येतात. कोणती तऱ्हा श्रेष्ठ यावर पाणबुडे लोक चहाच्या पेल्यावर तासभर भांडतात असें ऐकतों. नवशिक्यानें त्या भांडणांत पडूं नये. ज्या तऱ्हेवर हात बसला आहे, तीच पहिल्यानें घ्यावी, असें माझें मत आहे. शिकतांना जी कळ जेथें होती ती तेथेंच असणें, हा गुण इतर सर्व गुणांहून मोठा. खिसे किती, कड्या किती, रंग कोणता, यांकडे दुकानदार लक्ष वेधील. तें त्याचें कामच आहे.

जाकिटाइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व शिशाला आहे. आणि तें कोणी दुकानांत सांगत नाहीं, कारण शिसें स्वस्त असतें. तोल पाहण्याची रीत अशी. जाकीट रिकामें करून, साधा श्वास घेऊन, पाण्यांत उभें राहावें. पाणी डोळ्यांच्या रेषेशीं आलें आणि श्वास सोडल्यावर डोकें हळूहळू बुडालें, तर शिसें बरोबर. टाकी जवळजवळ संपलेली असतांना ही परीक्षा करावी. भरल्या टाकीनिशीं केली तर हवेच्या खर्चासाठीं दोनेक किलो वाढवावे. विहिरींत किंवा पुण्या-मुंबईच्या तलावांत ठरविलेलें शिसें समुद्रांत पुरत नाहीं, कारण खारें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीच भाग जड असतें; सामानासकट शंभर किलोंच्या माणसाला समुद्रांत अडीचेक किलो जास्त लागतात. पुढें सराव वाढून श्वास संथ झाला म्हणजे कांहीं शिसें उतरतें. उतरलेलें शिसें हेंच नवशिक्याचें खरें प्रगतिपुस्तक. शेवटचा पट्टा किंवा खिसा एका हिसक्यासरशी सुटून शिसें खालीं पडलें पाहिजे, ही तजवीज मात्र विकत घेण्यापूर्वीं स्वतः करून पाहावी.

एक गैरसमज येथें स्पष्टपणें खोडून काढला पाहिजे. हें जाकीट जीवरक्षक जाकीट नव्हे. नारिंगी रंगाचें जें जीवरक्षक जाकीट बोटींत देतात, तें बेशुद्ध माणसाचेंहि तोंड आकाशाकडे ठेवण्यासाठीं घडविलेलें असतें. पाणबुड्याचें जाकीट तशी हमी देत नाहीं, आणि तशी सूचना पुष्कळदां त्याच्यावरच छापलेली असते. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. बोटींत चढतांना व उतरतांना पाणबुडा हाहि एक उतारूच असतो. घरांत स्कूबाचें जाकीट आलें म्हणून बोटींतलें जाकीट नको, असें कोणी समजूं नये.

मालवणचा समुद्र शिकाऊ हातांची परीक्षाहि कसून घेतो. पावसाळ्यांत तेथें बुडी बंदच असते. इतर दिवसांतहि पाणी कधीं स्वच्छ तर कधीं असें कीं दोन वांवांपलीकडचें दिसूं नये. वर-खालीं ओळखावयास डोळ्यांना कांहीं खूण उरत नाहीं. मग कानांतला दाब, हातांतलें खोलीचें यंत्र आणि श्वास यांवरच भिस्त. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांतील समुद्राला १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. तेथें खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी तीं सजीवांचीं घरें आहेत, आणि बहुतेक जाति वर्षाला कांहीं मिलिमीटर ते कांहीं सेंटिमीटर एवढ्याच वाढतात. जास्त शिसें बांधलेला नवखा माणूस तोल जाऊन गुडघे टेकतो, आणि आपल्या जन्माहून जुनी फांदी मोडून वर येतो. त्याला त्याचा पत्ताहि नसतो.

खर्चाविषयीं दोन शब्द. सुटींत एखादे वेळीं गंमत म्हणून बुडी मारणारानें जाकीट घेऊंच नये. तशा बुडींत शिक्षक हात धरून नेतो आणि हवा सोडणें-भरणें तोच करतो. शिकून झालेल्यानेंहि पहिल्या पांच-दहा बुड्या भाड्याच्या निरनिराळ्या जाकिटांत माराव्या. स्वतःचा पैसा आधीं चेहऱ्यावर नीट बसणाऱ्या मुखवट्यावर खर्चावा, कारण पाणी गळणाऱ्या मुखवट्याइतका घाबरवणारा सोबती नाहीं. वर्षांतून एकदांच चार दिवस समुद्र गांठणाराला भाड्याचेंच परवडतें. ज्या मुलीला हा नाद खरोखर लागला आहे, तिनें स्वतःचें घ्यावें. दर खेपेला कळ नव्या जागीं शोधावी लागत नाहीं, हाच त्यांतला मोठा लाभ.

जुनें विकत मिळालें तर तें वाईटच असें नाहीं, पण ओळखीचा भरंवसा पुरा नाहीं. तोंडानें पूर्ण फुगवून रात्रभर टांगून ठेवावें; सकाळीं तितकेंच ताठ असलें पाहिजे. मग तें बादलींत बुडवून शिवणींतून बुडबुडे निघतात कां पाहावें. हवा भरण्याची कळ पन्नास वेळां दाबून पाहावी. समुद्राचें पाणी सुकलें कीं मिठाचे खडे तिच्यांत बसतात, आणि दाबलेली कळ वर येतच नाहीं. टाकींतली हवा आपोआप जाकिटांत शिरत राहते. अशा वेळीं हवेची नळी कळीपासून तोडावयाची असते. हें तोडणें जाड मोजे घालून, एका हातानें साधतें कां, हेंहि दुकानांतच पाहून घ्यावें. आणि नवें असो वा जुनें, प्रत्येक बुडीनंतर बाहेरून तर धुवावेंच, परंतु नळींतून गोडें पाणी आंत भरून, खळबळून, खालच्या झडपेवाटे तें काढून टाकावें, आणि अर्धवट फुगवून सांवलींत वाळत घालावें. पुण्याच्या गच्चीवरचें ऊन कपड्यांना चांगलें. या पिशवीला नव्हे.